यंत्राला ‘कारणे दाखवा’ कोणी म्हणायचे?

माळवदावरून (इंदूर)

माझी आत्या रामबागेत राहते. वय ७८. काका लवकर गेले. त्यानंतर तिने पंचवीसेक वर्षे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना पोळीभाजीचे डबे करून दिले आणि त्यावर दोन मुलींची शिक्षणे केली. गेली काही वर्षे तिला एका शासकीय योजनेतून दरमहा थोडे निवृत्तिवेतन मिळत होते. रक्तदाबाची औषधे आणि दूध भागावे एवढीच ती रक्कम. आषाढात ती आली नाही, श्रावणातही आली नाही. गणपतीच्या आधी मी आत्याला घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. खिडकीतल्या मुलाने क्रमांक टाकला, पडदा आमच्याकडे वळवला आणि हिंदीत सांगितले की, माताजी, सिस्टीममध्ये तुम्ही अपात्र दिसत आहात. का, असे विचारल्यावर त्याने मनापासून शोधाशोध केली. कारणाच्या रकान्यात ‘डेटा मिसमॅच’ एवढेच दोन शब्द होते. कोणती माहिती कशाशी जुळली नाही, हे कोणी आणि केव्हा ठरवले, यांपैकी काहीही त्याला दिसत नव्हते. तो उद्धट मुळीच नव्हता. त्याच्या पडद्यावर जेवढे उमटत होते त्यापलीकडे सांगायला त्याच्याजवळ काही नव्हते.

मग त्याने पुन्हा ओळख पटवून पाहू म्हणून बोटांचे यंत्र पुढे सरकवले. आत्याने अंगठा पदराला पुसून ठेवला. लाल दिवा लागला. तर्जनी ठेवली, पुन्हा लाल. पन्नास वर्षे तव्याशी आणि परातीशी झिजलेल्या बोटांवर रेषा उरणार तरी किती? आठ वेळा बोटे ठेवून झाल्यावर ती मला हळूच म्हणाली, “अरे, मी इथे उभी आहे हे त्यांना दिसतंय ना?”

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, आणि म्हणून या चर्चामंचावर हा धागा काढतो आहे.

घरी येऊन सगळी कागदपत्रे अंथरली तेव्हा थोडा उलगडा झाला. आपल्याकडे त्या पिढीतल्या मुलींचे लग्नात नाव बदलत असत. आत्या माहेरची इंदुमती आणि सासरची मंगला. शाळेच्या दाखल्यावर इंदुमती, बँकेत ‘मंगला विनायक काळे’, मतदार यादीत ‘मंगलाबाई काले’, आणि एका जुन्या कार्डावर मधले नाव गाळून रोमन लिपीत लिहिलेले नाव. इंदुरात चार पिढ्या काढलेल्या मराठी घरांत हे नेहमीचेच आहे. हिंदी कारभारात ळ लिहिला जात नाही, मधले नाव कधी वडिलांचे तर कधी नवऱ्याचे समजले जाते, आणि ‘बाई’ कोणी आदराने जोडतो तर कोणी वगळतो. आजवर यामुळे काही अडत नसे, कारण कागद बघणारा माणूस वर पाहून विचारायचा, “ये आप ही हैं?” आणि आत्या हो म्हणायची.

मुद्दा एकट्या आत्याचा असता तर मी येथे लिहिले नसते. हरियाणात कुटुंब ओळखपत्राच्या नोंदीत अनेक हयात वृद्धांना मृत दाखवून त्यांची निवृत्तिवेतने बंद झाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये रोहतकमध्ये १०२ वर्षांच्या एका आजोबांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी नोटांच्या माळा घालून, बँडबाजासह वरात काढावी लागली. लोकांच्या हातातल्या फलकांवर ‘थारा फूफा जिंदा है’ असे लिहिले होते. त्यानंतर त्यांचे पैसे सुरू झाले. ज्यांना वरात काढणे जमले नाही त्यांचे काय झाले असेल, याचा विचार करावा.

सामान्य माणसाला सरकारी ‘कारणे दाखवा’ नोटिशीची सवय आहे. घरपट्टी थकली की आधी नोटीस येते, मग कारवाई होते. त्या नोटिशीत विभागाचे नाव, कलम, मुदत आणि खाली सही असते. आता निर्णय आधी होतो, नोटीस येतच नाही, आणि सही करणारा हात सापडत नाही. लोकशाहीवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिणामांबद्दल बोलताना लोक निवडणुकीतल्या बनावट चित्रफितींपासून सुरुवात करतात. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण माझ्या मते नागरिकाचा पहिला हक्क दाद मागण्याचा आहे, आणि तो हक्क अशा कोऱ्या रकान्यांत बुडतो आहे. दाद ना फिर्याद अशी अवस्था यंत्रामुळे येत असेल, तर यंत्राकडून कारण मागण्याची रीत आपण बसवली पाहिजे. ती कशी बसवायची, यावर जाणकारांनी लिहावे.

निवृत्त_तिजोरी (इंदूर)

आत्यांना झालेला त्रास वाचून वाईट वाटले. तरीही दुसरी बाजू मांडतो, कारण मी सरकारी तिजोरीत तीस वर्षांहून अधिक काळ काम केले आहे.

संगणक येण्यापूर्वीचा काळ रम्य नव्हता. मृत माणसांच्या नावाने वर्षानुवर्षे पैसे उचलले जात. एकाच घरात तीन शिधापत्रिका असत आणि शेजारच्या विधवेकडे एकही नसे. मनिऑर्डर हातात पडेपर्यंत तिच्यातून काही ना काही कापले जाई, आणि म्हातारी माणसे ते दैव म्हणून सोसत. पैसा थेट खात्यात जाऊ लागल्यावर मधली किती तरी माणसे बाजूला झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या राज्यात, मध्य प्रदेशात, कुटुंबांची नोंद ठेवणाऱ्या समग्र पोर्टलवर कुटुंबाला आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याला नऊ अंकी क्रमांक मिळाला, आणि अनेक योजनांसाठी वेगवेगळ्या खिडक्यांवर तेच कागद पुन्हा पुन्हा देण्याची गरज कमी झाली. २०२३ मध्ये लाडली बहना योजना सुरू झाली तेव्हा एवढ्या स्त्रियांच्या खात्यांत दरमहा पैसे पोचवणे जुन्या पद्धतीने शक्यच झाले नसते.

मात्र तुमची एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. आमच्या काळी प्रत्येक प्रकरणाला नोटशीट असायची. कोणाचे नाव कापायचे असेल तर कारकून टिपणी लिहायचा, बाबू त्याखाली शेरा मारायचा, अधिकारी सही आणि तारीख घालायचा. दहा वर्षांनी नस्ती उघडली तरी कोणी काय लिहिले ते हाताच्या अक्षरावरून कळे. कारभार संगणकावर नेताना आपण नोंदवह्या नेल्या, टिपणी लिहिण्याची पद्धत मागेच राहिली. दोष यंत्राचा म्हणण्यापेक्षा, यंत्राकडून टिपणी न मागणाऱ्या आपल्या व्यवस्थेचा आहे.

विदा_हमाल (मूळचा इंदूरचा, सध्या पुण्यात)

नावे जुळवण्याचेच काम मी काही वर्षे केले आहे, सरकारी नव्हे, एका खासगी ग्राहकासाठी. आत यंत्र काय करते ते सांगतो, म्हणजे ‘डेटा मिसमॅच’ या दोन शब्दांमागचे चित्र स्पष्ट होईल.

यंत्रापुढे दोन नावे ठेवली की ते पहिल्याचे दुसरे करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतील ते मोजते. ‘काळे’ आणि ‘काले’ यांत आपल्याला फरक जाणवतसुद्धा नाही, पण संगणकासाठी ल आणि ळ ही क आणि म यांच्याइतकीच वेगळी अक्षरे आहेत. ‘मंगला विनायक काळे’ आणि ‘मंगलाबाई काले’ यांत एक अख्खा शब्द गळलेला, एक प्रत्यय वाढलेला आणि एक अक्षर बदललेले. शंभरापैकी गुण दिले तर ही जोडी साठीच्या आसपास अडकेल. मग कोणीतरी ठरवलेले असते की ८५ च्या वर गुण असतील तर एकच व्यक्ती समजावी, खाली असतील तर वेगळी. त्या आकड्याला आम्ही हद्द म्हणतो. ती हद्द कोणत्याही कायद्यात लिहिलेली नसते, विधानसभेत तिच्यावर चर्चा होत नाही. एखाद्या दुपारी बैठकीत तिशीतला एखादा मुलगा ती सुचवतो आणि बाकीचे मान डोलावतात. तो मुलगा मी स्वतः राहिलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

हद्द वर नेली की खरी माणसे बाहेर पडतात, खाली आणली की दोन वेगळी माणसे एक होतात. चूक शून्यावर आणता येत नाही, फक्त ती कोणाच्या पदरात टाकायची एवढे निवडता येते. ही निवड राजकीय आहे. तिचे तांत्रिक नाव ऐकून आपण ती तंत्रज्ञांवर सोडून देतो.

तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र करून कुटुंबाची ऐपत ठरवते. (आपल्या समग्र पोर्टलशी तिचा संबंध नाही, नावाचे साम्य आहे एवढेच.) तेथे रिक्षा ओढून पोट भरणाऱ्या एका माणसाच्या कुटुंबाला मोटारीचे मालक समजून धान्य नाकारले गेले, कारण मोटार असलेल्या दुसऱ्या माणसाचे नाव त्याच्या नावासारखे होते. त्या राज्यात लाखो शिधापत्रिका नोटीस न देता रद्द झाल्या होत्या, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फेरतपासणी करायला सांगितले.

आत्यांच्या बाबतीत साधी अक्षरजुळवणी असावी. त्याहून अवघड प्रकार म्हणजे जुन्या नोंदींवरून ‘शिकणारी’ प्रणाली. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी मिळणाऱ्या भत्त्यात फसवणूक कोण करत असेल, याचा अंदाज करविभागाची अशी प्रणाली बांधत असे. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हीसुद्धा जोखमीची एक खूण धरली होती. हजारो पालकांना लबाड ठरवून वर्षानुवर्षांचे पैसे परत मागितले गेले, कोणाची घरे गेली, कोणाचे संसार मोडले. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी तेथील संपूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. एवढ्या सुसंघटित, श्रीमंत आणि सुशिक्षित देशात हे घडले. अशा यंत्रात जुन्या नोंदींतून शिरलेले पूर्वग्रह पुढे आपल्याला नियम म्हणून परत मिळतात, आणि आकड्यांच्या वेषात आल्यामुळे ते कोणाला पूर्वग्रह वाटत नाहीत.

सांजवेळ (इंदूर)

मी तंत्रज्ञ नाही. एक प्रामाणिक शंका विचारते. राजवाड्यावर रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, लाखो लोक असतात, तेथे कॅमेरे आणि ड्रोन असतात म्हणून माझी मुलगी सुरक्षित आहे असे मला वाटते. चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांमुळे चोऱ्या उघडकीला येतात, हे आपण रोज वाचतो. ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, त्याने या यंत्रांना का भ्यावे?

विदा_हमाल

ताई, कॅमेरा आणि चेहरा ओळखणारी प्रणाली या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कॅमेरा चित्र साठवतो, आणि काही घडले तर कोणीतरी ते बघतो. चेहरा ओळखणारी प्रणाली काही घडलेले नसतानाही प्रत्येकाला नाव देऊ शकते. २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आले की दिल्ली पोलीस ८० टक्के साम्य असलेला चेहरा ‘जुळला’ असे मानतात. उरलेल्या २० टक्क्यांत कोणाचाही भाऊ बसू शकतो. २०१८ मध्ये अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू या दोन संशोधिकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या बाजारातल्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. तुमच्या मुलीचा आणि माझ्या बहिणीचा वर्ण कोणत्या रकान्यात बसतो, ते पाहावे.

दुसरी गोष्ट लपवण्याची. उद्या पाण्याच्या प्रश्नावर रीगल चौकात गांधीजींच्या पुतळ्याशी शांतपणे उभे राहायचे ठरले, आणि तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाची नावानिशी यादी आपोआप तयार होते असे कळले, तर सरकारी नोकरीतला, घरकुलाचा अर्ज केलेला किंवा पासपोर्टची वाट पाहणारा माणूस येईल का? त्याच्याजवळ लपवण्यासारखे काहीच नसते. तरी तो घरी बसेल. एकत्र जमण्याचा हक्क कोणी काढून न घेताही असा आटत जातो.

वकीलवाडा (इंदूर)

कायद्याची बाजू थोडक्यात लिहावी असे ठरवले होते, पण थोडक्यात होणार नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर मर्यादा घालायची तर कायद्याचा आधार हवा, उद्दिष्ट योग्य हवे आणि उपाय त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा. पुढल्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, आधार कायदा ४ विरुद्ध १ असा टिकला. सरकारी लाभांसाठी आधार मागता येईल, पण खासगी कंपन्यांना त्यासाठी सक्ती करता येणार नाही, असे ठरले. विरोधी मत न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. मला स्वतःला ते मत आज अधिक पटते.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण अधिनियम आला. चूक करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ही त्यातली जमेची बाजू. पण कलम ७ प्रमाणे अनुदान किंवा लाभ देण्यासाठी शासनाला तुमची माहिती वापरायला नव्या संमतीची गरज नाही, आणि कलम १७ प्रमाणे केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून या कायद्यातून सूट देऊ शकते. म्हणजे नागरिकाविषयी सर्वांत जास्त माहिती ज्याच्याजवळ, त्याच्यावरच बंधन सर्वांत सैल. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या विदा नियमावलीच्या कलम २२ मध्ये, निव्वळ यंत्राने घेतलेल्या आणि आपल्यावर गंभीर परिणाम करणाऱ्या निर्णयापासून संरक्षण आहे, आणि तेथे माणसाचा हस्तक्षेप मागता येतो. आपल्या कायद्यात असे कलम नाही. ते असायला हवे होते, हे मी आग्रहाने म्हणेन.

याच अधिनियमाने माहितीच्या अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक हिताचा तोल त्याच कलमात पाहावा लागे, आता ते शब्द तेथून गेले. कलम ८(२) मधला सार्वजनिक हिताचा दरवाजा अजून उघडा आहे, तो विसरू नये.

आता धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्याचे उत्तर नव्या कायद्यात शोधायची गरज नाही, ते जुन्यातच आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, कलम ४(१)(डी): प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना दिली पाहिजेत. अर्ज केला तर द्यावीत असे नाही, आपण होऊन द्यायची आहेत. निर्णय माणसाने घेतला की यंत्राने, असा भेद त्या कलमात नाही. हे कलम फार थोडे लोक वापरतात, आणि ‘सिस्टीममध्ये असे दिसते’ या वाक्याला माझ्या मते हेच सर्वांत सरळ उत्तर आहे.

मतदार यादीलाही हेच लागू होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे, एखादी व्यक्ती मतदारसंघात राहत नाही किंवा अपात्र आहे म्हणून तिचे नाव कापायचे असेल, तर तिला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी आधी दिली पाहिजे. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात ६५ लाख नावे मसुदा यादीत आली नाहीत, तेव्हा १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणांसह प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. ‘कारणांसह’ हा शब्द मी मुद्दाम अधोरेखित करतो. यादी आधीपासून संगणकावर होती. लोकांच्या उपयोगाची ती झाली कारणे जोडल्यावर.

वारसा_बडोदे (बडोदे)

नावांच्या मुद्द्यावर एक अनुभव सांगते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि गुजरातसह १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांचे तेच पुनरीक्षण सुरू झाले, आणि दोन दशकांपूर्वीच्या यादीत आपले किंवा आईवडिलांचे नाव दाखवायचे होते. माझी आई ग्वाल्हेरची, लग्न होऊन बडोद्याला आली, आणि तिचेही नाव बदलले होते. जुन्या यादीत तिच्या वडिलांचे नाव शोधायचे तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मतदान केंद्राची पाने चाळावी लागली, आणि ती मिळाल्यावर तिचे माहेरचे नाव आजच्या नावाशी कसे जोडायचे हा प्रश्न उरला. आमच्या भागातल्या बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या बाई, स्वतः शिक्षिका आहेत. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या, आईची लग्नपत्रिका आणि मामाचे पत्र पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, “आमच्याकडेही नाव बदलतात, मला कळलं.” दहा मिनिटांत काम झाले. हे कळायला त्या बाईंना कोणतीही प्रणाली लागली नाही. मला वाटते, जेथे यंत्र अडते तेथे अशी बाई असलीच पाहिजे, आणि तिला निर्णय बदलण्याचा अधिकारही असला पाहिजे.

पाटी_पेन्सिल (इंदूर)

येथे निवडणुकीतल्या बनावट आवाजांचा विषय मागे पडला आहे, म्हणून थोडे लिहितो. मी नागरिकशास्त्र शिकवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या निवडणुकीत भाजपचे नेते मनोज तिवारी यांची एक चित्रफीत हरियाणवीत फिरली, जी भाषा त्यांनी त्या चित्रफितीत बोललीच नव्हती. ती त्यांच्याच पक्षाच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये मतदारांना अध्यक्ष बायडेन यांच्या हुबेहूब आवाजात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत मत देऊ नका असे सांगणारे फोन आले. ते करवणाऱ्या सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंड झाला. आपल्या निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये राजकीय पक्षांना सांगितले की अशी बनावट सामग्री लक्षात आल्यापासून ३ तासांत काढावी. मतदानाच्या आदल्या रात्री ३ तास पुष्कळ होतात.

वर्गात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती एका मुलीच्या वाक्याने. मी एका नेत्याच्या खऱ्या भाषणाची चित्रफीत दाखवली, तर ती म्हणाली, “सर, हे एआयचं असेल.” खोट्यावर विश्वास बसणे वाईटच, पण खऱ्यावरचा विश्वास उडाला की कोणत्याही पुढाऱ्याला स्वतःचेच शब्द नाकारता येतात, आणि मग मतदाराने जाब विचारायचा तो कशाच्या आधारावर? म्हणून मला हा विषय आणि धागाकर्त्यांचा विषय एकच वाटतो. दोन्हीकडे जबाबदार धरायला माणूस सापडत नाही.

माळवदावरून

सर्वांचे मनापासून आभार. वकीलवाडा यांचा प्रतिसाद वाचून त्याच आठवड्यात अर्ज केला. इतरांना उपयोग व्हावा म्हणून काय केले ते सविस्तर लिहितो.

‘डेटा मिसमॅच म्हणजे काय ते सांगा’ असे विचारले तर दोन ओळींचे गोल उत्तर येते, हे आधीच्या एका अर्जावरून कळले होते. या वेळी कलम ४(१)(डी) चा उल्लेख करून विचारले: लाभ बंद करण्याचा निर्णय कोणत्या तारखेला झाला, तो मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम काय, कोणत्या दोन नोंदींची तुलना झाली, त्यांच्या प्रती, जुळण्यासाठी किती टक्क्यांची हद्द ठेवली आहे आणि ती कोणत्या आदेशाने ठरली, लाभ थांबवण्यापूर्वी नोटीस पाठवली असल्यास तिची प्रत. शुल्क १० रुपये. हद्दीचा प्रश्न विदा_हमाल यांच्यामुळे सुचला, नाहीतर असा काही आकडा असतो हेच मला माहीत नव्हते.

अर्जाची पोच घेऊन आम्ही मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समक्ष ऐकतात तेथे, गेलो. निवृत्त_तिजोरी यांनी खासगी संदेशातून सुचवले होते की आत्याची सर्व नावे एका कागदावर, प्रत्येकासमोर कागदपत्राचे नाव आणि वर्ष लिहून, तक्त्यासारखी न्यावीत. ती सूचना फार मोलाची ठरली. समोरच्या अधिकाऱ्यांनी तो कागद वाचला, आत्याला बसायला सांगितले आणि विचारले, “इंदुमती भी आप, मंगला भी आप?” आत्या म्हणाली, “हो. एक नाव आईनं ठेवलं, एक सासूनं.” त्यांनी पुन्हा पडताळणी करण्याचा शेरा लिहून खाली सही केली. ती सही पाहून मला बरे वाटले, हे येथे मोकळेपणाने लिहितो.

अठराव्या दिवशी एक कर्मचारी घरी येऊन आत्याचा फोटो काढून गेला. पुढच्या महिन्यात पैसे आले. मधल्या सात महिन्यांची थकबाकी अजून आलेली नाही.

माहितीच्या अर्जाचे उत्तर २९ व्या दिवशी मिळाले. तारीख मिळाली. अधिकाऱ्याच्या पदनामापुढे ‘प्रणालीद्वारे स्वयंचलित’ असे लिहिले आहे. नोटीस पाठवलेली नाही, हे मान्य केले आहे. हद्दीच्या प्रश्नावर उत्तर असे की ही माहिती प्रणाली बनवणाऱ्या संस्थेकडे असून या कार्यालयात उपलब्ध नाही. ज्या आकड्याने सात महिने एका बाईचे दूध बंद केले, तो आकडा निर्णय घेणाऱ्या कार्यालयालाच ठाऊक नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

वकीलवाडा

पहिले अपील ३० दिवसांच्या आत करा, कलम १९(१). त्यात दोन मुद्दे मांडा. एक, बाहेरच्या संस्थेकडे असलेली माहितीसुद्धा प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली असेल तर ती कलम २(जे) प्रमाणे मागता येते, आणि कंत्राट त्यांनीच दिलेले असल्याने नियंत्रण त्यांचेच आहे. त्या कंत्राटाची प्रतही मागा. दोन, ‘प्रणालीद्वारे स्वयंचलित’ हे पदनाम नाही. मसुदा मी करून देतो, शुल्काचा प्रश्नच नाही. नोटीस पाठवली नव्हती हे त्यांनी लेखी मान्य केले आहे, तेव्हा थकबाकीसाठी वेगळा अर्ज आजच द्या. त्यांच्या उत्तराचा तो कागद आत्यांच्या हातात असू द्या.

सांजवेळ

मी वर शंका विचारली होती. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन आजी आहेत, दोघींचेही निवृत्तिवेतन पावसाळ्यापासून बंद आहे, आणि दोघींना वाटत होते की आपलेच काही चुकले असेल. दोघींची लग्नात नावे बदललेली आहेत. नावांचा तो तक्ता कसा केला होता, ते कृपया येथे टाकाल का?

माळवदावरून

टाकतो. चार रकाने आखा: कागदपत्र, त्यावरचे नाव जसेच्या तसे, वर्ष, आणि नाव वेगळे असण्याचे कारण. चौथ्या रकान्यात आम्ही ‘विवाहात नाव बदलले’, ‘ळ ऐवजी ल लिहिला’, ‘पतीचे नाव गाळले’ असे साध्या हिंदीत लिहिले होते, कारण वाचणारा हिंदी वाचतो. खाली आजींची सही किंवा अंगठा, आणि त्यांना ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या. येत्या मंगळवारी मी आत्याच्या थकबाकीच्या अर्जासाठी जाणारच आहे. सकाळी साडेदहाला दोघींना घेऊन या, रांगेत माझ्याबरोबर उभे राहता येईल.